बाप्तिस्म्यावाचून गेलेली आई आणि तारणाचा प्रश्न

ताई, उत्तराला हात घालण्याआधी आपला प्रश्न मला जसा समजला तसा लिहितो. आपल्या आई ख्रिस्ती घरातल्या नव्हत्या. शेजारच्या एका बाईंनी दिलेला नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, त्या शेवटची बारा वर्षे रोज पहाटे वाचत आणि येशूच्या नावाने प्रार्थना करीत. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, घ्यावा असे त्यांच्या मनात होते आणि ते त्यांनी आपल्याजवळ दोनदा बोलूनही दाखवले होते, पण घरात कलह नको म्हणून ‘धाकट्याचे लग्न होऊ दे, मग बघू’ असे म्हणत दिवस गेले, आणि हृदयविकाराच्या झटक्याने त्या अचानक गेल्या. दहनसंस्कार घरच्या रिवाजाप्रमाणे झाला. आता ओळखीतले एक ख्रिस्ती गृहस्थ आपल्याला म्हणाले की बाप्तिस्मा नाही म्हणजे तारण नाही, तर दुसरे म्हणाले की मनात विश्वास होता ना, मग पाण्याचे काय एवढे! यातले खरे कोणते आणि ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तारणासाठी नेमके काय आवश्यक आहे, असे आपण विचारता. मी पस्तीस वर्षे पाळकाचे काम केले आहे आणि बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग घेतले आहेत. माझ्या मते दोघांनीही आपल्याला अर्धेच सांगितले.

आधी ‘तारण’ या शब्दाविषयी. बँकेत किंवा सावकाराकडे आपण तारण म्हणतो ते कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूला. ख्रिस्ती शास्त्रातला तारण हा शब्द मात्र तरणे-तारणे यातला आहे. बुडणाऱ्याला कुणीतरी हात धरून काठावर आणावे, तसा. मोक्ष या शब्दाशी त्याचे नाते वाटते खरे, पण जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असा त्याचा अर्थ नाही. पापाने माणूस देवापासून तुटला आहे आणि त्या तुटलेपणाचे टोक मरणात आहे. त्यातून सोडवून देवाने त्याला पुन्हा आपल्याशी जोडून घेणे म्हणजे तारण. येशू या नावाचाच मूळ हिब्रू अर्थ ‘परमेश्वर तारतो’ असा आहे. शिवाय नव्या करारात हे क्रियापद तिन्ही काळांत येते. इफिसकरांस पत्रात तुमचे तारण झालेले आहे असे म्हटले आहे, करिंथकरांस पहिल्या पत्रात तारण होत असलेल्यांचा उल्लेख आहे, आणि रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तारण होईल असा भविष्यकाळ आहे. ही पत्रे ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हणतो. जमिनीचा किंवा बैलजोडीचा सौदा ठरला की आपण विसार देतो. उरलेले यायचे असते, पण सौदा पक्का झालेला असतो. तारण असे आहे, आणि म्हणूनच ‘झाले की नाही’ या एका होय-नाहीत त्याचे सगळे उत्तर मावत नाही.

आता जे वादापलीकडचे आहे ते. रोमन कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, यांतल्या कोणत्याही ख्रिस्ती पंथाला विचारा. तारणाचा पाया माणसाने केलेल्या कशातही नाही, तो ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणात आणि पुनरुत्थानात आहे, आणि त्याचे फळ माणसाला देवाच्या कृपेने मिळते, यात त्यांचे दुमत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागिअस नावाच्या तपस्व्याने अशी शिकवण दिली की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या निर्धाराने देवाच्या आज्ञा पाळू शकतो. पेलागिअस वाईट माणूस नव्हता; रोममधल्या ख्रिस्ती लोकांचे ढिले वागणे पाहून तो अस्वस्थ झाला होता. तरीही उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला जोरदार विरोध केला, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ती शिकवण नाकारली. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने आणखी एक पाऊल टाकून म्हटले की देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा कृपेचेच काम आहे. आपल्या आईंच्या हातात नवा करार आला आणि तो वाचावासा वाटला, तिथपासूनच कृपेचे काम चालू होते असे ही शिकवण म्हणते. ही गोष्ट मनात धरून ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

पाया देवाचा, तर मग माणसाकडून काही मागितले जाते की नाही? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आपला प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आला आहे. मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून बंदिशाळेत टाकले होते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली. कैदी पळाले असे समजून बंदिशाळेच्या नायकाने तलवार उपसली आणि तो स्वतःचा जीव घेणार होता. पौलाने ओरडून त्याला थांबवले. तेव्हा तो थरथर कापत विचारतो, ‘महाराज, माझे तारण व्हावे म्हणून मला काय केले पाहिजे?’ उत्तर एका ओळीचे आहे: प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच रात्री, त्याच घटकेला, तो नायक त्या दोघांच्या पाठीवरच्या जखमा धुतो, मग तो आणि त्याच्या घरचे बाप्तिस्मा घेतात, आणि मग तो त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. काही तासांपूर्वी याच माणसाने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. विश्वास, बदललेली वागणूक, बाप्तिस्मा, एकत्र जेवण: सगळे एका रात्रीत एकमेकांत गुंतून आले आहे. आपण नंतर त्यांचे वेगवेगळे रकाने केले आणि कोणत्या रकान्याला किती गुण यावर भांडत बसलो.

विश्वास म्हणजे काय, हे मात्र नीट सांगितले पाहिजे, कारण मराठीत ‘माझा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य देव आहे असे मला वाटते, एवढ्याच अर्थाने सर्रास वापरले जाते. याकोबाचे पत्र या बाबतीत कठोर आहे: देव एक आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. जुन्या धर्मपंडितांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले आहेत. शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताविषयीची आनंदवार्ता, काय आहे ते जाणणे, ते खरे आहे असे मान्य करणे, आणि त्यावर भरवसा टाकणे. पहिले दोन डोक्यात होतात. तिसऱ्यात माणूस स्वतःचा भार दुसऱ्यावर सोडतो. विहिरीत उतरणारा माणूस दोराकडे पाहून ‘दोर मजबूत आहे’ म्हणतो तोवर ते मत असते. काठ सोडून तो दोराला लोंबकळतो तेव्हा तो भरवसा होतो. पश्चात्तापही याहून वेगळा नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे, वळणे असा आहे. रडणे त्यात असेल किंवा नसेल. जक्कय या जकातदाराच्या गोष्टीत रडण्याचा उल्लेखच नाही. तो उभा राहून सांगतो की अर्धे धन गरिबांना देतो आणि कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, आणि येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. एकाकडे तोंड करायचे तर दुसऱ्याकडे पाठ फिरवावीच लागते. विश्वास आणि पश्चात्ताप यांचे नाते इतके साधे आहे.

सत्कृत्यांचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण त्याशिवाय उत्तर अपुरे राहील, कारण ख्रिस्ती जगाचे दोन तुकडे होण्यामागे हा मुद्दा होता. पौल रोमकरांस लिहितो की माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवासमोर योग्य, ठरतो. याकोब लिहितो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ मध्ये नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले तेव्हा रोमकरांस पत्रातल्या त्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. त्यावर ओरड झाली तेव्हा वाक्याचा अर्थ आणि जर्मन भाषेची धाटणी तो शब्द मागतात, असे उत्तर त्यांनी १५३० मध्ये दिले. रोमच्या, म्हणजे कॅथॉलिकांच्या, बाजूने ट्रेंट येथील परिषदेने १५४७ च्या जानेवारीत नीतिमान ठरवले जाण्याविषयीचा सविस्तर ठराव केला. त्यात कृपेशिवाय माणूस नीतिमान ठरू शकतो हे म्हणणे साफ नाकारले आहे, आणि त्याचबरोबर प्रीती व आज्ञापालन यांच्यापासून तोडलेला नुसता विश्वास पुरेसा आहे हेही नाकारले आहे. माझ्या वाचनात तरी पौल आणि याकोब एकमेकांशी भांडत नाहीत. पौल विचारतो, देवासमोर मी कशाच्या जोरावर उभा राहू? याकोब विचारतो, तुझा विश्वास जिवंत आहे हे कशावरून ओळखावे? आंब्याला आंबे लागतात म्हणून तो आंबा होत नाही, पण वर्षानुवर्षे एकही फळ न धरणाऱ्या झाडाबद्दल माळी विचार करायला लागतोच. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे दोन्ही लागोपाठ आले आहे. आठव्या-नवव्या वचनात तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, आणि दहाव्यात आपण सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण झालेले आहोत. लोक नववे वचन पाठ करतात आणि दहाव्याआधीच थांबतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लूथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथॉलिक मंडळी (चर्च) यांनी या विषयावरच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी आपल्याला नवे करतो, असा त्याचा गाभा आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही त्याला संमती दिली. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण साडेचारशे वर्षे एकमेकांना शाप देणाऱ्यांनी एकत्र बसून हे वाक्य लिहिले, याचे मोल मला फार वाटते.

आता बाप्तिस्मा. इथे मला सावकाश जायचे आहे, कारण आपली जखम इथे आहे.

नव्या करारात बाप्तिस्म्याला हलके लेखणारे एकही वाक्य नाही. येशू निकदेम या यहुदी पुढाऱ्याला सांगतो की पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्यावाचून कुणीही देवाच्या राज्यात प्रवेश करू शकत नाही. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र लोकांना सांगतो, पश्चात्ताप करा आणि पापक्षमेसाठी येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर बाप्तिस्मा तुम्हाला तारतो असे सरळ शब्द आहेत. लगेच पुढे खुलासा येतो की हे शरीराचा मळ काढणे नव्हे. त्यामुळे ‘पाण्याचे काय एवढे’ हे वाक्य ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. पण हेच पुस्तक दुसऱ्याही गोष्टी सांगते. कर्नेल्य या शताधिपतीच्या घरी पेत्र अजून बोलतच होता, पाणी आणलेही नव्हते, तोच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरला. मग पेत्राने बाप्तिस्म्याची आज्ञा केली. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला बाप्तिस्मा मिळाला नाही, प्रभुभोजन मिळाले नाही, सत्कृत्य करायला हात मोकळे नव्हते. ‘येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर’ एवढेच तो म्हणाला, आणि आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, हे उत्तर त्याला मिळाले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचे तारण होईल असे म्हटले आहे. पण शिक्षेचा भाग येतो तेव्हा तिथे विश्वास न धरणाऱ्याचा उल्लेख आहे, बाप्तिस्मा न घेणाऱ्याचा नाही.

म्हणून धर्मपंडितांनी ‘आवश्यक’ या शब्दाचेच दोन अर्थ वेगळे केले. एक गोष्ट साधन म्हणून आवश्यक असते. ती नसेल तर फळ मिळतच नाही, जसा श्वास. दुसरी आज्ञा म्हणून आवश्यक असते. ती मुद्दाम टाळणे हा दोष आहे, पण जिच्यापर्यंत पोचता आले नाही तिच्यासाठी दोष लागत नाही. ख्रिस्ताची कृपा पहिल्या अर्थाने आवश्यक आहे, याबद्दल कुणाचे दुमत नाही. बाप्तिस्मा कोणत्या अर्थाने, यावर मंडळ्या वेगळ्या होतात. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन परंपरा त्याला कृपा देणारे प्रत्यक्ष साधन मानतात. बाप्टिस्ट त्याला विश्वासाची जाहीर साक्ष आणि प्रभूची आज्ञा मानतात. मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी), जी १८८२ मध्ये मुंबईत उतरली, ती बाप्तिस्मा देतच नाही, तरी तिच्या माणसांना ख्रिस्ती नाहीत असे कुणी म्हणत नाही. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि मोठेपणी विश्वास कबूल करणाऱ्यालाच देणारेही. दोन्ही रीती एकाच मंडळीत ठेवण्याचे ठरले आणि आजही तसे चालते.

पण ज्यांची शिकवण सर्वांत कडक आहे त्यांनीही आपल्या आईंसारख्यांसाठी दार बंद केलेले नाही. ट्रेंटच्या त्याच १५४७ च्या ठरावात ‘बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा’ असे शब्द आहेत. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी बांधले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. आणि जुने सूत्र असे आहे की संस्काराचा अभाव दोषी ठरवीत नाही, त्याचा तिरस्कार दोषी ठरवतो.

या शिकवणीमागे एक मृत्यू आहे. इ.स. ३९२ मध्ये रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएन येथे मरण पावला. वय अवघे एकविशीचे. मिलानचे बिशप अँब्रोझ यांच्या हातून बाप्तिस्मा घ्यायची त्याची इच्छा होती, त्याने त्यांना निरोपही धाडला होता. ते पोचण्याआधीच तो गेला. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या बहिणी समोर बसल्या होत्या आणि त्यांचे दुःख तेच होते जे आपले आहे. अँब्रोझ त्यांना म्हणाले की त्याला बाप्तिस्मा मिळाला नाही म्हणून तुम्ही शोक करता असे मी ऐकतो. पण आपल्या हातात इच्छा आणि मागणे याशिवाय दुसरे काय असते? त्याने मागितले, म्हणून त्याला मिळाले. हुतात्मे जर आपल्या रक्ताने धुतले जातात, तर याला त्याच्या भक्तीने आणि इच्छेने धुतले. अँब्रोझ सौम्य उपदेशक नव्हते, सम्राटालाही प्रायश्चित्त करायला लावणारे होते. त्यांनी हे केवळ सांत्वनासाठी म्हटले असे मला वाटत नाही.

माझ्या आयुष्यात ही शिकवण पुस्तकातून उतरून समोर आली ती पाळक होऊन तीन वर्षे झाली तेव्हा. ऊसतोडीला जाणारा एक साठीचा माणूस वर्गाला येत असे. बाप्तिस्म्यापूर्वी सहा धडे पूर्ण झाले पाहिजेत असा आमचा नियम होता. त्याचे चार झाले होते. तो आजारी पडला, त्याने मुलाकडून निरोप पाठवला, आणि मी कळवले की येत्या रविवारपर्यंत बरा झाला की उरलेले दोन धडे घरी येऊन घेतो. शुक्रवारी पुन्हा निरोप आला तेव्हा मी धावत दवाखान्यात गेलो. जाताना त्याच्याच घरातून स्टीलची एक वाटी घेतली, वॉर्डाबाहेरच्या नळाखाली ती भरली आणि खाटेपाशी गेलो, तर नर्सबाई त्याच्या हाताची सलाईनची सुई काढून कापसाचा बोळा दाबत होत्या, सवयीने, कारण रक्त आता येणार नव्हते. मुलाने माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिले आणि काहीच विचारले नाही. ते पाणी मी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतले. दोष माझा होता, त्या माणसाचा नव्हता. दोन धड्यांसाठी मी त्याला थांबवले, पण त्या थांबण्याची किंमत देव त्याच्याकडून वसूल करील असे मानणे म्हणजे माझी दिरंगाई देवाच्या कृपेपेक्षा बलवान आहे असे मानणे. त्यानंतर मी मरणाच्या दारात असलेल्या कुणालाही धडे मोजून थांबवले नाही, आणि वर्गात पहिल्याच दिवशी शिकवू लागलो की जिवावरच्या प्रसंगी पाळकाची वाट न पाहता कोणीही पाणी घालून पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण नुसते पाणी पुरते असे समजणारे लोकही मी पुष्कळ पाहिले आहेत. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्यांच्याएवढा अभ्यास करून बाप्तिस्मा घेणारी माणसे विरळा. तरीही त्यांनी १९०७ मध्ये छापलेल्या साक्षीत लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो अजून सापडलेला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला नाही. जो मिळाला होता त्याच्या आत त्या शिरल्या. नारायण वामन टिळकांचे नेमके उलटे झाले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला, डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले, मनाने ते ख्रिस्ताचे झाले, आणि बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधल्या काळात ते गेले असते तर? ज्यांनी आपल्याला ‘बाप्तिस्मा नाही म्हणजे तारण नाही’ असे सांगितले, त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

ज्यांनी ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही त्यांचे काय, हा याला लागून असलेला प्रश्न आहे. आईंना तो लागू नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मंडळीबाहेर तारण नाही असे म्हटले, ते मुख्यतः मंडळी फोडून बाहेर पडणाऱ्यांविषयी होते. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तेच वाक्य सर्वांवर अत्यंत कठोरपणे लावले. पण विसाव्या शतकात बोस्टनचे जेझुइट फादर लिओनार्ड फीनी ते वाक्य अक्षरशः शिकवू लागले, तेव्हा रोमनेच १९४९ मध्ये पत्र पाठवून त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहिले की स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमान न जाणणारे, पण मनापासून देवाला शोधणारे आणि सदसद्विवेकाप्रमाणे चालणारे लोकही तारण पावू शकतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या इतके पुढे जात नाहीत. मी स्वतः प्रेषितांच्या कृत्यांतले ‘दुसऱ्या कोणाच्याही नावात तारण नाही’ हे वाक्य जसेच्या तसे मानतो. फक्त ते नाव कुणाला कसे भेटेल हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे मानत नाही.

आता आपल्या आईंविषयी. त्यांनी शुभवर्तमान ऐकले होते, ते खरे मानले होते, बारा वर्षे येशूला हाक मारली होती आणि बाप्तिस्मा मागण्याची इच्छा तोंडाने बोलून दाखवली होती. आपण लिहिले आहे की त्यांच्या नव्या करारात योहानाच्या सहाव्या अध्यायातील सदतिसाव्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे, इतक्यांदा ओढलेली की कागद झिजला आहे. ते वचन असे आहे: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. त्या वचनावर त्यांनी भार टाकला होता, आणि वर ज्याला मी विश्वासाचा तिसरा पदर म्हटले तो हाच. त्यांनी बाप्तिस्मा लांबणीवर टाकला, हे योग्य झाले असे मी म्हणणार नाही. जिला शक्य आहे तिने थांबू नये असेच मी शिकवतो. पण त्यांच्या थांबण्यात तिरस्कार नव्हता, लेकरांच्या घरातली शांतता जपण्याची धडपड होती. मनुष्याच्या अंतःकरणाचा न्याय करणे पाळकाच्या हातात नाही, म्हणून त्यांच्या तारणाचा दाखला मी लिहून देऊ शकत नाही. तसा तो बाप्तिस्मा घेतलेल्या कुणाचाही देऊ शकत नाही. एवढे मात्र ठामपणे सांगतो की त्यांचे तारण झाले नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मुख्य मंडळीची शिकवण कुणालाही देत नाही, आणि त्यांच्याविषयी आशा धरण्यास ती शिकवण भरपूर आधार देते.

दहनाचा घोर तर मनातून काढूनच टाका. पुनरुत्थान हाडे शाबूत राहण्यावर अवलंबून असते, तर समुद्रात बुडालेल्या आणि आगीत जाळलेल्या हुतात्म्यांना आशाच उरली नसती. कॅथॉलिक मंडळीने दहनावरची बंदी १९६३ मध्ये उठवली, आणि प्रॉटेस्टंटांमध्ये तर याला तारणाशी जोडणारी शिकवण नाहीच. आपल्या गावातल्या मंडळीच्या पाळकांना भेटा आणि आईंच्या स्मरणार्थ एक छोटी उपासना घ्या म्हणून सांगा. बाप्तिस्मा झालेला नव्हता हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे, लपवू नये. ते जाणते असतील तर उपासना घेतील. आईंचा तो नवा करार सोबत न्या, आणि वाचन कोणते घ्यायचे असे त्यांनी विचारले तर ती पेन्सिलीची रेघ त्यांना दाखवा.